बोचक्याचं पोट आणि रविवारची पुरवणी

सोमवार, ३ मार्च

ताईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली आणि तिचं कुत्रं आमच्याकडे आलं. वॉकर घेऊन चालणाऱ्या बाईच्या पायांत चार किलोचा प्राणी घुटमळला तर दुसऱ्या गुडघ्याचंही काम निघायचं, म्हणून तीन आठवडे त्याचा मुक्काम इथे. नाव बोचकं. दिसतंही तसंच. कोणीतरी घाईघाईत गाठ मारलेलं, चार बाजूंनी केस बाहेर आलेलं. भावोजी गेल्यापासून त्या घरात ताई आणि बोचकं एवढेच दोघं. ते माझ्या हातात देताना ताई दुसरीकडे बघत होती.

ताई एकतीस वर्षं रुग्णालयात मेट्रन होती, तेव्हा कुत्र्यासोबत सूचना येणारच. चार पानं, पाठपोट नाही एवढीच दया. पहिलं पान वाचलं: जेवण सकाळ-संध्याकाळ, फिरणं दोनदा, लसींच्या तारखा, डॉक्टरांचा नंबर. पुढची तीन पानं वाचली नाहीत. सत्तावीस वर्षं बातम्या लिहितोय. महत्त्वाचं ते वरती, आणि जागा अपुरी पडली की खालून कापायचं, हा आमच्या धंद्याचा धर्म. यादी फ्रिजवर लावून टाकली.

ही म्हणाली, "आधीच सांगते, मी हात लावणार नाही. दहावीचे पेपर तपासायचेत मला." ही शाळेत भूगोल शिकवते.

मंगळवार, ४ मार्च

पाहुण्याने संस्कृत शब्दकोशाचा कोपरा खाल्ला. 'ह'पासून पुढचं. तिथे तसंही फार कोणी जात नाही, पण तत्त्वाचा प्रश्न आहे.

ताईने पिशवीत एक लाल रबरी खेळणं दिलंय. जाड, आतून पोकळ. बोचकं त्याला हुंगतं, आत नाक घालतं, माझ्याकडे बघतं आणि निघून जातं. आत काय शोधतं कोण जाणे. पोकळ वस्तू देऊन मुक्या जिवाची फसवणूक करण्याचा हा उद्योग कोणाच्या डोक्यातून निघाला असेल?

ताईचा फोन. "खातंय का नीट?" म्हटलं, शब्दकोशापर्यंत मजल गेली आहे. "पंडित, चेष्टा नको." संस्कृत घेतल्यापासून ती मला पंडित म्हणते, आणि त्यात आदर कधीच नव्हता.

बुधवार, ५ मार्च

चपलेचा पट्टा. टेबलाचा पाय. रिमोटचं आठ नंबरचं बटण (जमिनीवर सापडलं, शाबूत).

हिचं म्हणणं बोचक्याचं वजन वाढतंय. उचललेलं तर मी तिला पाहिलं नाही. डोळ्यांनी वजन करते बहुधा. भूगोलवाल्यांना अंदाज असतो.

गुरुवार, ६ मार्च

आज शोध लागला. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात सत्तावीस वर्षांच्या परिषदांच्या फिती आहेत. गळ्यात ओळखपत्र अडकवायला देतात त्या. निळ्या, केशरी, हिरव्या. पाणी परिषद, ऊर्जा परिषद, भविष्याच्या दिशा, दिशांचं भविष्य. टाकवत नाहीत आणि उपयोग शून्य. त्यातल्या सहा काढल्या, हिच्याकडून वेणी घालायला शिकलो, दोन्ही टोकांना गाठ मारली आणि बोचक्यापुढे टाकली. काय सांगू! तासभर तो प्राणी कोपऱ्यात बसून पाणी परिषद चघळत होता. इतक्या एकाग्रतेने ती परिषद मी स्वतः ऐकली नव्हती.

दोन टोकांच्या, ओळखपत्र अडकवायच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा काढल्या नाहीत. त्या खडखडतात आणि त्याला ते आवडतं.

लगोलग रविवारच्या सदरासाठी लेख लिहिला: परिषदांचा अंतिम सदुपयोग. शेवटी वाचकांसाठी कृती दिली. फिती घ्या, वेणी घाला, गाठ मारा, कुत्र्याला द्या. संपादक माझ्याच हाताखाली शिकलेला, आता डोक्यावर बसलेला. त्याचा फोन आला. "सर, कितीतरी दिवसांनी तुमचा लेख वाचून हसलो." या वाक्यातलं 'कितीतरी दिवसांनी' मी मोठ्या मनाने सोडून दिलं.

लिहिताना बोचकं पायाशी होतं. चहातल्या बिस्किटाचा तुकडा दिला. एकच. मग अजून एक, कारण पहिला लहान होता.

शुक्रवार, ७ मार्च

लेखाचं पान पाहून आलो. चित्रकाराने फितींत गुंडाळलेलं कुत्रं झकास काढलंय. रविवारची पुरवणी शुक्रवारीच छापून गाड्यांत चढते, त्यामुळे आता परवापर्यंत निवांत.

बोचक्याने संध्याकाळी जेवण अर्धं टाकलं. ही म्हणाली, "पोट भरलं असेल." कशाने, ते सांगितलं नाही.

शनिवार, ८ मार्च, दुपार

घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घ्यावं. (कोणी? ही दैनंदिनी आहे. मीच.)

सकाळी बोचकं बाथरूमच्या दारात ओकलं. मग पुन्हा. दुसऱ्यांदा त्यात निळे दोरे होते. वेणी शोधली, ती सोफ्याखाली होती. एका टोकाची गाठ सुटून झिपऱ्या झालेल्या आणि तिकडची क्लिप नाही. सोफा सरकवला, गालिचा उचलला, हिने केरसुणीने सगळ्या फटी कोरल्या. क्लिप नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी बोचक्याला टेबलावर ठेवलं, पोट चाचपलं.

"काका, शी कशी होतेय?"

मी म्हणालो, "प्रातःकाळापासून दोन वेळा उत्सर्ग, दोन्ही द्रवप्राय."

"म्हणजे?"

"पातळ हो," ही मागून म्हणाली. "पाण्यासारखी. सरळ सांगायला काय होतं?"

"आणि खायला काय काय दिलंत?"

"यादीबरहुकूम," मी म्हणालो. डॉक्टरीणबाई नुसत्या बघत राहिल्या. राजकारण्यांकडून उत्तर काढायला मी हेच करतो, त्यामुळे फार वेळ टिकलो नाही. "बिस्किटं. थोडी."

"चीज," ही म्हणाली. मी वळून बघितलं तर ती भिंतीवरचं जंताच्या औषधाचं पोस्टर वाचत होती. "रोज एक चौकोन. कधी दोन. मला वाटलं, तुम्ही काहीच देत नाही त्याला."

"चार किलोचं कुत्रं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याला चीजचा एक चौकोन म्हणजे तुम्हाला अख्खी वडी. पोट बिघडायला तेवढं पुरेसं आहे. पण ते आपण सावरू. मला काळजी क्लिपची आणि दोऱ्याची आहे."

प्लॅस्टिक क्ष-किरणात धड दिसत नाही. सोनोग्राफीत जठर रिकामं दिसलं, म्हणजे क्लिप पुढे आतड्यात सरकली असावी. आतडं लहान, क्लिप बोटाच्या पेराएवढी. सरकत बाहेर आली तर सुटलो. अडकली तर पोट उघडावं लागेल. दोरा तर त्याहून वाईट. एक टोक कुठे अडकलं की आतडं त्याच्यावर चुण्यांसारखं गोळा होतं आणि कापलं जातं.

"मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही, कापायचं नाही. मला फोन. पुन्हा उलटी झाली, पोट कडक लागलं, मलूल झालं, तर लगेच घेऊन या. काय खाल्लं, किती वेळा, शी कशी, सगळं लिहून ठेवा. आणि काका, मराठीत लिहा."

बोचक्याला सलाइन लावलंय. चारला आणायला जायचं. उद्याची पुरवणी मला आत्ता आठवली.

शनिवार, संध्याकाळ

संपादकाला फोन केला. म्हटलं, ती पुरवणी थांबव.

"सर, काल रात्रीच गेली ती. गठ्ठे पोहोचलेत सगळीकडे."

"त्यातलं खेळणं करून कोणाच्या कुत्र्याने गिळलं म्हणजे?"

"हलकाफुलका लेख आहे हो. कोण करत बसतंय?"

इथे खरं लिहितो, कारण वाचणारं कोणी नाही. मला त्या वाक्याचा मोह झाला. खरंच, कोण करत बसतंय? पण लेखात क्रमांक घालून कृती दिली होती मी, आणि माझे वाचक निवृत्त लोक आहेत. त्यांना वेळ असतो, खणात फिती असतात आणि मांडीवर छोटी कुत्री असतात.

म्हटलं, उद्याच्या मुख्य अंकात पहिल्या पानावर चौकट हवी. तो म्हणाला, "पहिल्या पानावर? कुत्र्याच्या खेळण्याची?" म्हटलं, नाहीतर मी येऊन बसतो तुझ्या टेबलासमोर. अर्ध्या तासात मजकूर द्या म्हणाला.

सत्तावीस वर्षं मी इतरांच्या चुकांचे खुलासे लिहितोय, त्यामुळे हात आपोआप चालला: 'पुरवणीतील लेखात अनवधानाने काही तपशील अपुरा राहिला असून वाचकांनी याची नोंद घ्यावी.' हिला वाचून दाखवलं. ही बोचक्याचं ओलं तोंड पुसत होती.

"कोणाच्या अनवधानाने?"

"असं लिहायची पद्धत आहे."

"मग नोंद कसली घ्यायची? तुमच्या पद्धतीची? अहो, त्या बाईच्या हातात फिती असतील, कुत्रं समोर बसलं असेल. तिला काय कळायचं यातून?"

मग हे पाठवलं:

'आजच्या पुरवणीत मी कुत्र्यासाठी फितींचं खेळणं करायला सांगितलं आहे. करू नका. केलं असेल तर आत्ता काढून घ्या. दोरे आणि क्लिपा गिळल्या जातात आणि आतड्यात अडकतात. माझ्या घरातलं कुत्रं त्यामुळे दवाखान्यात गेलं. चूक माझी आहे. चावायचं खेळणं कुत्र्याच्या तोंडापेक्षा मोठं असावं, त्याला सुटा भाग किंवा दोरा नसावा, अंगठ्याचं नख दाबल्यावर थोडं आत जावं, आणि नवीन असेल तर सुरुवातीला तुम्ही समोर बसावं.'

शेवटचं वाक्य डॉक्टरीणबाईंचं. बाकीची वाक्यं लहान आहेत कारण मोठी सुचेनात.

राहिली ताई. ती पहाटे साडेपाचला उठून पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. ही म्हणाली, "पेपरातून कळू देणार आहात का तिला?" तीनदा नंबर लावून बंद केला. चौथ्यांदा तिनेच उचलला. म्हणजे मी बंद करायच्या आत.

सगळं सांगितलं. मग एकदम मेट्रनचा आवाज:

"हिरड्या बघ. रंग कुठला?"

"गुलाबी."

"बोटाने दाब आणि सोड. रंग लगेच परत येतो का?"

"येतो."

"पोट?"

"मऊ आहे."

"पाणी?"

"दोन वेळा चाटलं."

"बरं." मग, "पंडित, माझी यादी वाचलीस?"

"पहिलं पान."

"चौथं काढ."

फ्रिजवरून काढलं. चौथ्या पानावर सगळ्यात खाली, लाल शाईच्या चौकटीत: 'दोरी, फीत, कापडाची वेणी, काहीही नाही. दोन वर्षांपूर्वी पडद्याची दोरी गिळून मरता मरता वाचलंय. तेव्हा ह्यांचं आजारपण चालू होतं, बोचकं ह्यांच्या उशाशी बसून राहायचं.' आणि त्याच्या आधी, तिसऱ्या पानाच्या शेवटी: 'लाल खेळण्यात थोडा भात भरून द्यायचा, म्हणजे अर्धा तास गप बसतं.'

वॉर्डातल्या लोकांना सगळ्यात धोक्याची गोष्ट शेवटी लिहायची सवय असते, म्हणजे ड्यूटी बदलताना तीच डोक्यात राहते. हे ताईने सांगितलं. मी म्हणालो, आमच्याकडे उलटं असतं. "तुमच्याकडे कुत्री नसतात," ती म्हणाली.

"मी येऊ का तिकडे?" तिने विचारलं.

"गुडघा?"

"गुडघा गेला खड्ड्यात."

नको म्हटलं. पण तिने फोन ठेवला नाही. मीही नाही. वीसएक मिनिटं मधूनमधून ती विचारायची, "श्वास?" आणि मी सांगायचो. शेवटी म्हणाली, "रडतोयस का?" म्हटलं, सर्दी आहे. दवाखान्यात फार एसी लावतात.

रविवार, ९ मार्च

उलटी नाही. एक शी, कमी पातळ (मराठीत). मीठ न घातलेला मऊ भात आणि उकडलेली कोंबडी, चमचाभर. खाल्लं. आणखी मागितलं, दिलं नाही. हिने भांड्याला झाकण घालून वर शाळेचा पृथ्वीगोल ठेवला. माझ्यासाठी की स्वतःसाठी, ठाऊक नाही.

सकाळपासून फोन. एक गृहस्थ म्हणाले, पेपराची कमाल झाली, बातम्यांना जागा नाही आणि कुत्र्यांना आहे. एक बाई आठ वाजता म्हणाल्या, "पुरवणी माझी सून आधी वाचते. तिने सात वाजता वेणी घालून दिली होती हो. मी पहिल्या पानावरची तुमची चौकट वाचली आणि तोंडातून काढून घेतली. दोरे निघायला लागले होते." कुत्र्याचं वजन विचारलं. तीन किलो.

संपादकाचा फोन: "सर, वेबसाइटवर पहिल्या पानावरचं आजचं सर्वाधिक वाचलं गेलेलं तुमचंच. मंत्रिमंडळ दुसऱ्या क्रमांकावर."

सोमवार, १० मार्च

सकाळी साडेसात. बागेच्या मागच्या कुंपणाजवळ.

बोचकं बसलं. मी हातमोजे घालून उभा, ही प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. शाळेत उशीर होतोय म्हणून तिने मुख्याध्यापकांना निरोप पाठवला होता. काय कारण दिलं, ते मी विचारलं नाही. बोचक्याने आमच्याकडे बघितलं. एवढ्या प्रेक्षकांची त्याला सवय नव्हती. मग झालं. घट्ट, आणि त्यात निळं काहीतरी.

काडीने उकललं. क्लिप. अख्खी. भोवती बोटभर दोऱ्याचा गुंता, तोही सुटा. नळाखाली धुतल्यावर अक्षरंसुद्धा वाचता आली: पाणी परिषद. तीन दिवसांच्या परिषदेतून बाहेर पडलेला हा एकमेव ठोस मुद्दा.

ही कुंपणाला धरून हसली आणि मग बोचक्याला उचलून तिच्या शाळेच्या स्वच्छ साडीवर धरलं. हात लावणार नाही म्हणाली होती. हे मी बोलून दाखवलं नाही. मी नाक पुसलं. सर्दी अजून आहेच.

ताईला फोटो पाठवला. उत्तर आलं: 'उकळून ठेव.' का, ते सांगितलं नाही.

शनिवार, १५ मार्च

विशेष काही नाही. भात, कोंबडी, मग हळूहळू नेहमीचं. शी उत्तम, घट्ट. डॉक्टरीणबाईंनी तपासून मोकळं सोडलं. माझी वही चाळत म्हणाल्या, "काका, इतकी नीट नोंद कोणी ठेवत नाही. नऊ तारखेला चार वाजून सतरा मिनिटांनी 'जांभई' असंसुद्धा लिहिलंय."

म्हटलं, बातमीदार आहे.

लाल खेळण्यात भात भरून दिला. अर्धा तास गप. मग भात काढण्यासाठी ते माझ्या पायावर आपटत राहिलं. पायाला निळा डाग पडलाय.

सोमवार, २४ मार्च

ताई स्वतः आली. काठी टेकत, टॅक्सीने. जिने चढून. बोचकं तिच्याकडे असं धावलं की काठी पडली. ताई सोफ्यावर बसली आणि दोघंही बराच वेळ बोलत होती. ताई शब्दांनी आणि ते सगळ्या अंगाने. मी चहा करायला आत गेलो. चहा करायला वेळ लागला, दूध नव्हतं.

बाहेर आलो तर ताई बोचक्याचं तोंड उघडून दात बघत होती, मग पोट, मग कान. मी वॉर्डातल्या नवीन मुलासारखा ट्रे घेऊन उभा.

"वजन चार किलो शंभर," मी म्हणालो.

"बरं आहे." मग बोचक्याच्या कानामागे खाजवत, माझ्याकडे न बघता: "मेमध्ये मला दुसऱ्या गुडघ्यासाठी बोलावलंय. पुन्हा तीन आठवडे. याला ठेवशील?"

हे मी ऐकलं आणि पहिल्यांदा जे वाटलं ते बोललो. "ताई, दुसरं कोणी बघ. माझ्या हातून एकदा झालंय. तुझं एवढं एकच..."

"पुरे," ताई म्हणाली. "वॉर्डात नवीन नर्सला मी औषधांच्या कपाटाची किल्ली कधी द्यायची, माहीत आहे? तिची पहिली चूक ती स्वतःहून सांगायला आली की. त्याआधी नाही. काही जणींना मी दहा वर्षं किल्ली दिली नाही."

"आणि मी सांगितलं नसतं तर?"

"तर कुत्रं शेजारच्या आजोबांकडे गेलं असतं. तसे ते गेले महिनाभर मागेच लागलेत, त्यांच्याकडे अंगणही आहे."

मग मुळात इथे का पाठवलं, हे मी विचारलं. ताई म्हणाली, आजोबा जास्त लाड करतात. मला पटलं नाही, पण मेट्रनशी वाद घालत नाहीत. ही मात्र चहा ढवळत हसत होती. ढवळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

टॅक्सी गेली. जिन्यात बोचकं दोनदा मागे वळलं. दुसऱ्यांदा ताईने थांबून त्याला वळू दिलं.

मंगळवार, २५ मार्च

घर शांत. लिहायला उत्तम. सकाळपासून एक ओळ लिहिली नाही.

दुपारी कार्यालयात जाऊन मेमधल्या तीन आठवड्यांच्या रजेचा अर्ज भरला. संपादकाने तारखा बघितल्या. "सर, निवडणुकीच्या तोंडावर? सत्तावीस वर्षांत तुम्ही सलग तीन दिवस रजा घेतली नाहीत."

"घ्यायची आहे."

"कारणाचा रकाना रिकामा आहे."

मी पेन घेतलं. दोनतीन भारदस्त शब्द डोक्यात येऊन गेले. मग मराठीत लिहिलं: घरचं माणूस येणार आहे.